जुन्या मोटारीची छोटी स्टेपनी : एक मोजमापाचा प्रश्न

मोटारीचे चाक पंक्चर झाले की आपण सहज म्हणतो, 'स्टेपनी काढा'. हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की तो एका रस्त्याचे नाव आहे हे सांगितले तर विद्यार्थ्यांना नवल वाटते. वेल्समधील लानेली गावात स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तेथे टॉमस मॉरिस डेव्हिस यांनी १९०४ मध्ये एक जादा चाक तयार केले. त्या काळी मोटारी जादा चाकाविना विकल्या जात. टायर फुटला की वाटेतच तो सोडवून दुरुस्त करण्यावाचून इलाज नसे. डेव्हिस यांच्या चाकाला आरे नव्हते. ती हवा भरलेल्या टायरसकट एक नुसती धाव होती आणि ती पंक्चर झालेल्या चाकाच्या कडेला शिकंज्यांनी आवळून बसवायची असे. हे 'स्टेपनी चाक' जगभर गेले. मूळ वस्तू नाहीशी झाली, पण शब्द भारतात राहिला. ब्राझीलच्या पोर्तुगीज भाषेतही जादा चाकाला 'एस्टेपे' म्हणतात.

पुढे जादा चाक इतर चार चाकांसारखेच पूर्ण आकाराचे झाले. पण ते जागा फार अडवते. म्हणून अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या अखेरीस काही मोटारींबरोबर घडी होणारा टायर दिला जाऊ लागला. तो वापरण्याआधी सोबतच्या डब्यातील दाबाखालच्या वायूने फुगवायचा. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आजची अरुंद, छोटी स्टेपनी रूढ झाली. ती केवळ जवळच्या दुरुस्तीच्या ठिकाणापर्यंत पोहोचण्यापुरती असते. तिच्यावर बहुधा ताशी ८० किलोमीटरची वेगमर्यादा छापलेली असते.

आता प्रश्न असा. एखाद्याजवळ १९६० च्या दशकातील जुनी मोटार आहे. तिची डिकी लहान आहे आणि पूर्ण आकाराच्या स्टेपनीने निम्मी भरते. भंगारातील एखाद्या अलीकडच्या मोटारीची छोटी स्टेपनी तिला बसवता येईल का? 'भोके जुळली की झाले' असे उत्तर पुष्कळदा मिळते. ते धोक्याचे आहे. या प्रश्नाचे खरे उत्तर देण्यासाठी आठवी ते दहावीचे गणित आणि भौतिकशास्त्र जवळजवळ सगळे कामाला येते. म्हणूनच हा विषय वर्गात नेण्याजोगा आहे.

उदाहरणासाठी एक प्रसिद्ध मोटार घेऊ. फोर्ड कंपनीने एप्रिल १९६४ मध्ये मस्टँग ही मोटार बाजारात आणली. अमेरिकेत या गाड्या आजही हौसेने जपल्या जातात आणि त्यांना छोटी स्टेपनी शोधण्याचा खटाटोप अनेक जण करतात.

पहिली कसोटी : भोकांचे वर्तुळ

चाक हबवर ज्या बोल्टांनी बसते, ते सर्व एका वर्तुळावर असतात. या वर्तुळाचा व्यास ही चाकाची पहिली ओळख. आठ सिलिंडरांच्या जुन्या मस्टँगला पाच बोल्ट असून वर्तुळाचा व्यास साडेचार इंच, म्हणजे ११४.३ मिलिमीटर आहे. त्याच वर्षांच्या सहा सिलिंडरांच्या मस्टँगला मात्र चारच बोल्ट आहेत. तेव्हा 'मस्टँगची स्टेपनी' एवढे सांगून भागत नाही.

चार भोकांच्या चाकावर व्यास मोजणे सोपे. समोरासमोरच्या दोन भोकांच्या केंद्रांमधील अंतर म्हणजेच व्यास. पण पाच भोके असली की कोणत्याच भोकासमोर भोक येत नाही. मग काय करावे?

पाच भोके वर्तुळाच्या केंद्राशी ७२ अंशांचे कोन करतात. व्यास 'व' असेल तर शेजारच्या दोन भोकांमधील जीवा 'व गुणिले ३६ अंशांची ज्या', म्हणजे ०.५८८ व इतकी असते. एक भोक सोडून पुढच्या भोकापर्यंतची जीवा 'व गुणिले ७२ अंशांची ज्या', म्हणजे ०.९५१ व इतकी. यांपैकी कोणतीही जीवा मोजली तर व्यास काढता येतो. पण दोन्ही सारख्या चांगल्या नाहीत. शेजारची जीवा मोजली तर व्यास काढताना मापाला १.७ ने गुणावे लागते. म्हणजे मोजण्यात १ मिलिमीटरची चूक झाली तर व्यासात १.७ मिलिमीटरची होते. एक भोक सोडून मोजले तर गुणक फक्त १.०५ आहे, म्हणून चूक वाढत नाही.

याला महत्त्व का? कारण ११४.३ च्या अगदी जवळ ११२ मिलिमीटरचे माप आहे आणि ते कित्येक युरोपीय गाड्यांना असते. शेजारच्या भोकांमध्ये अंतर पाहिले तर ते अनुक्रमे ६७.२ आणि ६५.८ मिलिमीटर येते. फरक जेमतेम दीड मिलिमीटरचा. साध्या पट्टीने, भोकाचे केंद्र डोळ्यांनी ठरवून मोजणारा माणूस येथे सहज फसेल. एक भोक सोडून मोजले तर १०८.७ आणि १०६.५ मिलिमीटर, म्हणजे फरक दोन मिलिमीटरांहून जास्त. केंद्राचा अंदाज टाळण्यासाठी एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजावे. भोके सारखी असतील तर हे अंतर केंद्रांमधील अंतराइतकेच असते.

चुकीचे चाक बसतच नाही असे असते तर काळजी नव्हती. भोकांमध्ये थोडी ऐसपैस जागा असते. त्यामुळे सव्वा-दीड मिलिमीटरचा फरक असलेले चाक जोर लावून चढते आणि नटही आवळले जातात. पण नटांचा शंकूसारखा भाग भोकाच्या शंकूत नीट टेकत नाही. एखाददुसरा नट सगळा भार घेतो, बाकीचे तिरके राहतात. गाडी धावू लागली की प्रत्येक फेऱ्यात बोल्ट मागेपुढे वाकतात, नट सैल होतात आणि शेवटी बोल्ट तुटतात. चालत्या गाडीचे चाक निखळणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

दुसरी कसोटी : मधले भोक आणि चाकाची बैठक

बोल्टांचे वर्तुळ जुळले तरी चाकाच्या मधले भोक हबच्या पुढे आलेल्या भागापेक्षा लहान असेल, तर चाक हबच्या तोंडावर सपाट टेकणारच नाही. समजा मधले भोक ६४ मिलिमीटरचे आहे आणि हबचा पुढे आलेला भाग ७० मिलिमीटरचा आहे. येथे नट कितीही आवळले तरी उपयोग नाही. अनेक जपानी गाड्यांचे बोल्टवर्तुळ ११४.३ चेच आहे, पण मधले भोक लहान असते. त्यामुळे ही अडचण नेहमी येते. उलट १९९४ ते २०१४ या काळातील मस्टँगचे बोल्टवर्तुळ, बोल्टांचे अर्ध्या इंचाचे आटे आणि मधले भोक हे जुन्या गाडीशी जुळणारे आहेत. म्हणून शोध तेथून सुरू करणे शहाणपणाचे.

नंतर पाहायचे ते चाकाच्या बैठकीचे अंतर. चाक हबला जेथे टेकते ती पातळी रिमच्या बरोबर मध्यावर असते, किंवा मध्यापासून आत वा बाहेर सरकलेली असते. अलीकडच्या गाड्यांच्या छोट्या स्टेपनीत ही पातळी पुष्कळ बाहेरच्या बाजूला असते. म्हणजे टायर गाडीच्या आतल्या बाजूस सरकतो. जुन्या गाडीत तो तेथे स्टिअरिंगच्या दांड्यांना किंवा स्प्रिंगच्या भागांना घासू शकतो. पुढे डिस्क ब्रेक असतील तर रिमची आतली बाजू ब्रेकच्या कॅलिपरला अडते. ड्रम ब्रेकच्या गाडीला जे चाक बसते ते डिस्क ब्रेकच्या त्याच गाडीला बसेलच असे नाही. अडते म्हणून मध्ये वायसर घालून चाक बाहेर आणणे हा उपाय नव्हे. त्यामुळे नटांना पकडायला आटे कमी उरतात.

तिसरी कसोटी : व्यास

टायरच्या बाजूवर छापलेले आकडे वाचून त्याचा व्यास काढता येतो. जुन्या मस्टँगला आज बरेच जण '१९५/७५ आर १४' हा टायर वापरतात. यातील १९५ म्हणजे टायरची मिलिमीटरमधील रुंदी. ७५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के आहे. 'आर' म्हणजे रेडियल. १४ हा रिमचा इंचांमधील व्यास. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच असा हा कालवा आहे. एकक बदलण्याच्या सरावाला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

व्यास काढताना बाजूची उंची दोनदा धरावी लागते, रिमच्या वर एकदा आणि खाली एकदा. १९५ चे ७५ टक्के म्हणजे सुमारे १४६ मिलिमीटर. त्याची दुप्पट २९२. १४ इंच म्हणजे ३५६. एकूण ६४८ मिलिमीटर.

आता छोट्या स्टेपनीवरचे आकडे पाहू. 'टी १२५/७० डी १५' हे एक नेहमीचे माप आहे. 'टी' म्हणजे तात्पुरता आणि 'डी' म्हणजे आतील धागे तिरके असलेला टायर. याचा व्यास १७५ अधिक ३८१, म्हणजे ५५६ मिलिमीटर. दुसरे माप 'टी १३५/८० डी १६'. त्याचा व्यास २१६ अधिक ४०६, म्हणजे ६२२ मिलिमीटर. मूळ चाकापेक्षा पहिली स्टेपनी १४ टक्क्यांनी लहान आहे, दुसरी फक्त ४ टक्क्यांनी. रिमचा आकडा १४ वरून १५ झाला म्हणून चाक मोठे झाले, असे समजणारा येथे चुकतो.

ज्या जुन्या टायरांवर टक्केवारी नसते, त्यांचे काय? आपल्या अॅम्बॅसडरच्या टायरवर '५.९०-१५' असे माप असे, म्हणजे रुंदी ५.९ इंच आणि रिम १५ इंच. अशा वेळी टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करावी, गाडी सरळ ढकलून चाकाचा बरोबर एक फेरा होऊ द्यावा आणि दोन खुणांमधील अंतर मोजावे. त्याला ३.१४ ने भागले की धावतानाचा प्रत्यक्ष व्यास मिळतो. तो गणिताने काढलेल्या व्यासापेक्षा किंचित कमी भरेल, कारण भाराखाली टायर थोडा चेपतो. हा प्रयोग सायकलवर शाळेच्या मैदानात करता येईल.

एका आसावर दोन व्यास

एका बाजूला मोठे आणि दुसऱ्या बाजूला छोटे चाक असले तर काय बिघडते? मोठ्या चाकाचा परीघ २.०४ मीटर. एका किलोमीटरमध्ये ते सुमारे ४९१ फेरे करते. ५५६ मिलिमीटरच्या स्टेपनीचा परीघ १.७५ मीटर आणि फेरे सुमारे ५७२. म्हणजे दर किलोमीटरला ८१ फेऱ्यांचा फरक.

मस्टँगची मागची चाके इंजिन फिरवते. वळणावर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर जाते. हा फरक सामावून घेण्यासाठी मागच्या आसात डिफरन्शियल नावाची दंतचक्रांची जुळणी असते. रस्ता सरळ असला तर तिच्यातील लहान चक्रे जवळजवळ स्वस्थ असतात. पण एका बाजूला छोटी स्टेपनी आली की सरळ रस्त्यावरही ती सतत फिरत राहतात.

किती, याचा अंदाज असा करता येईल. दोन चाकांमधील अंतर सुमारे १.४ मीटर आहे. गाडी 'त्र' त्रिज्येच्या वर्तुळात फिरत असेल तर बाहेरचे चाक 'त्र + ०.७' आणि आतले 'त्र – ०.७' त्रिज्येच्या वर्तुळावर धावते. या दोहोंचे गुणोत्तर आपल्या फेऱ्यांच्या गुणोत्तराइतके, म्हणजे १.१६५ इतके, असे मांडून समीकरण सोडवले तर 'त्र' सुमारे ९ मीटर येते. याचा अर्थ, सरळ रस्त्यावर धावणाऱ्या या गाडीचे डिफरन्शियल ९ मीटर त्रिज्येच्या गोल रिंगणात अखंड फिरत असल्यासारखे राबते. ६२२ मिलिमीटरच्या स्टेपनीसाठी हेच गणित केले तर त्रिज्या सुमारे ३५ मीटर येते. हे पुष्कळ सुसह्य आहे.

काही गाड्यांत चाकांच्या वेगांतील फरकाला मुद्दाम विरोध करणारे डिफरन्शियल असते. त्यात अशी स्टेपनी मागे लावली तर आतील घर्षणाच्या चकत्या तापतात आणि झिजतात. म्हणून मागचे चाक पंक्चर झाले तर पुढचे चांगले चाक मागे न्यावे आणि स्टेपनी पुढे लावावी, असे सांगतात. काम दुप्पट होते, पण आस वाचतो. मात्र पुढे छोटी स्टेपनी असताना जोराने ब्रेक लावला तर गाडी एका बाजूला ओढते, हे चालवणाऱ्याने ध्यानात ठेवले पाहिजे.

हवेचा दाब

साध्या टायरमध्ये ३० पाउंडांच्या आसपास हवा भरतात, म्हणजे दर चौरस इंचाला ३० पाउंड दाब किंवा सुमारे २१० किलोपास्कल. छोट्या स्टेपनीत बहुधा ६० पाउंड, म्हणजे ४२० किलोपास्कल दाब सांगितलेला असतो. लहान टायरला जास्त हवा का?

टायर जमिनीवर जेथे टेकतो त्या ठशाचे क्षेत्रफळ ढोबळमानाने भार भागिले दाब इतके असते. माणसांसह गाडी १,५०० किलोग्रॅमची धरली तर प्रत्येक चाकावर ३७५ किलोग्रॅम, म्हणजे सुमारे ३,७०० न्यूटन भार येतो. २१० किलोपास्कल दाबाला ठसा सुमारे १७५ चौरस सेंटिमीटर, साधारण दोन तळहातांएवढा. दाब दुप्पट केला की ठसा निम्मा. अरुंद आणि बुटक्या टायरला मोठा ठसा देताच येत नाही. दाब कमी असला तर त्याची बाजू चेपून रिम जमिनीजवळ येईल आणि सतत दुमडल्याने रबर तापेल. म्हणून दाब वाढवूनच त्याला भार पेलता येतो.

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, 'घर्षणबल क्षेत्रफळावर अवलंबून नसते असे आपण शिकलो. मग ठसा निम्मा झाला तर ब्रेकवर परिणाम का व्हावा?' प्रश्न रास्त आहे. तो नियम लाकूड, धातू अशा पदार्थांसाठी बऱ्यापैकी खरा आहे. रबर मऊ असते आणि रस्त्याच्या खडबडीतपणात शिरून पकड घेते. त्याच्यावरचा दाब वाढला की घर्षणगुणांक थोडा कमी होतो. शिवाय या टायरच्या खाचा उथळ असतात, त्यामुळे ओल्या रस्त्यावर पाणी बाजूला सारण्याचे काम तो नीट करत नाही. थांबण्याचे अंतर वाढते. वेगमर्यादेचे हे एक कारण आहे.

न वापरलेला, तरीही जुना

भंगारात मिळालेली स्टेपनी बहुतेक वेळा नव्यासारखी दिसते, कारण ती कधी रस्त्यावर उतरलेलीच नसते. पण रबर वापराने झिजते तसे काळानेही बिघडते. हवेतील ऑक्सिजन आणि ओझोन यांच्यामुळे ते कडक होते, त्याला बारीक भेगा पडतात. टायरच्या बाजूवर त्याचे वय लिहिलेले असते. २००० सालापासून तेथे चार अंक असतात : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '२३१८' म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. तीनच अंक दिसले तर तो टायर २००० पूर्वीचा, अर्थात खाच कितीही कोरी असली तरी बाद. घडीच्या जुन्या स्टेपन्याही प्रदर्शनात ठेवाव्यात, रस्त्यावर आणू नयेत. चांगले रिम मिळाले तर त्यावर त्याच मापाचा नवा तात्पुरता टायर चढवून घेणे हाच मार्ग.

हवाही रबरातून हळूहळू झिरपत असते. दोन वर्षे न पाहिलेल्या स्टेपनीत गरजेच्या वेळी पुरेशी हवा नसणे ही नित्याची गोष्ट आहे. आपल्याकडे जुलै २०२० च्या नियमदुरुस्तीने ट्यूबलेस टायर, टायरमधील दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचे साहित्य असलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारींना स्टेपनीची सक्ती उरलेली नाही. जुन्या गाडीत अशी यंत्रणा नसते. तिची भिस्त स्टेपनीवरच.

म्हणून शेवटची कसोटी घरी, सपाट जागेवर, दिवसाउजेडी घ्यावी. गाडी जॅकवर उचलून स्टेपनी पुढे आणि मागे, दोन्हीकडे प्रत्यक्ष चढवून पाहावी. ती हबवर सपाट टेकते का, नट हाताने शेवटपर्यंत जातात का, हाताने फिरवल्यावर ती कोठे घासते का, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवल्यावर अडते का, हे तपासावे. यातील एकाही प्रश्नाचे उत्तर चुकीचे आले तर पूर्ण आकाराची स्टेपनी ठेवावी आणि सामान थोडे कमी न्यावे.

वर्गासाठी

१. पुठ्ठ्यावर ११४.३, ११२ आणि १२०.६५ मिलिमीटर व्यासाची वर्तुळे काढून प्रत्येकावर पाच भोके पाडा. मापे न सांगता ती विद्यार्थ्यांना द्या. शेजारची भोके मोजून आणि एक भोक सोडून मोजून आलेल्या उत्तरांची तुलना करा.

२. मस्टँगचा वेगदर्शक मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टच्या फेऱ्यांवर चालतो आणि या शाफ्टचा वेग दोन्ही मागच्या चाकांच्या वेगांच्या सरासरीवर ठरतो. मागे एका बाजूला ५५६ मिलिमीटरची स्टेपनी असेल तर काटा किती चुकेल? (उत्तर : ४९१ आणि ५७२ यांची सरासरी सुमारे ५३२. म्हणजे काटा सुमारे ८ टक्के जास्त वेग दाखवील.)

३. शाळेत येणाऱ्या वाहनांच्या टायरांवरील आकडे लिहून घ्या, व्यास काढा आणि खडूच्या खुणेने पडताळा. त्याच वेळी प्रत्येक टायरचे वय वाचा. सर्वांत जुना टायर कोणत्या गाडीचा निघाला, ते गाडीच्या मालकांना अवश्य सांगा.